लिबियाच्या वाळूत राहिलेले शेवरोले: पार्श्वभूमी

लिबियाच्या आतल्या वाळवंटात सापडणाऱ्या, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश शेवरोले ट्रकना दारं, छत, काच नसते. ही मोडतोड नव्हे. कैरोतून निघतानाच ते तसे होते.

जुलै 1940 मध्ये ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी कैरोत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटी गस्तीची तुकडी उभी केली. इटालियन ठाण्यांच्या मागे शेकडो मैल आत शिरून पाळत ठेवायची, अधूनमधून छापे घालायचे. त्यासाठी घेतला दीड टनी शेवरोले, तोही टू-व्हील ड्राइव्ह. 1941 मध्ये फोर-व्हील ड्राइव्हचे फोर्ड आले खरे, पण ते जड आणि पेट्रोल जास्त पिणारे. थेंबन् थेंब सोबत न्यायचा तर हा दोष लहान नव्हे. 1942 मध्ये पुन्हा शेवरोलेच आले.

दर्शनी भागात टांगलेला गंजका डबा दिसला तर तो कंडेन्सर. रेडिएटरची ओव्हरफ्लो नळी अर्ध्या भरलेल्या डब्यात बुडवलेली असे. पाणी उकळलं की वाफ तिथे निवायची. इंजिन थंडावलं की पाणी परत ओढलं जायचं. मात्र रेडिएटरचं टोपण घट्ट हवं, नाहीतर पाण्याऐवजी हवाच आत जाते.

रुतलेल्या ट्रकला रेस देणं म्हणजे तो पुरणं: डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा डबा) वाळूवर टेकलं की चाकं नुसती फिरतात. मागच्या चाकांपुढची वाळू उपसून लोखंडी पन्हळी तिरप्या सरकवायच्या, टायरची हवा उतरवायची. कठीण जमीन लागली की ती परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

ट्रक टाकून द्यायची पाळी येई ती मोडलेल्या ॲक्सलमुळे, गेलेल्या बेअरिंगमुळे किंवा विमानांमुळे. 31 जानेवारी 1941 ला लिबियातल्या कुफ्रा मरुद्यानाजवळ जेबेल शेरीफला इटालियन तुकडीने ग्रुपच्या ‘टी’ गस्ती तुकडीला (पॅट्रोलला) गाठलं, वरून विमानं होतीच. तीन ट्रक जळाले, तुकडीचे प्रमुख पॅट क्लेटन पकडले गेले. मागे राहिलेल्या चौघांपैकी मूर नावाचे जवान, पाय जखमी असताना, दहा दिवसांत सुमारे 340 किमी चालले. चौघांत पाणी दोन गॅलनही नव्हतं.

बंद पडलेल्या ट्रकचे कामाचे भाग सोबतचे लोक काढून घेत. त्यामुळे कार्बोरेटर नाही म्हणजे नंतर चोरी झाली, असं लगेच समजू नये. चोरीपेक्षा मोठा हात भंगारवाल्यांचा, पण तो किनाऱ्याकडे, इजिप्तमधल्या अल अलामीनच्या पट्ट्यात. उरलेलं तिथे खाऱ्या हवेने खाल्लं. आतल्या वाळवंटात गंज हळू चढतो, वाऱ्याकडच्या बाजूचा रंग मात्र वाळू घासून नेते.

बॉनेटवरचं नाव वाचता आलं तर तुकडी कळू शकते. न्यूझीलंडच्या जवानांनी ट्रकना माओरी नावं दिली होती, तुकडीच्या अक्षरावरून सुरू होणारी. ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये रंगरंगोटी न करता ठेवलेला ‘वायकाहा’ (Waikaha) हा ‘डब्ल्यू’ पॅट्रोलचा.