लोहाची गोळी आणि यकृताचा निरोप

लोहाची गोळी सुरू केली की दोन-चार दिवसांत मळमळ, बद्धकोष्ठता, काळं शौच यांतलं काहीतरी मागे लागतं. बरेच जण तिथेच गोळी सोडतात. काही जण उलट खूश होतात: शरीरातली घाण निघतेय! घाण वगैरे काही निघत नसते. तो काळा रंग गोळीतल्याच, न शोषलेल्या लोहाचा. मोठ्या आतड्यात त्याचा गंधकाशी संयोग होऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. (डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं शौच मात्र रक्तस्रावाची खूण असू शकतं, ते डॉक्टरांना लगेच सांगा.)

मग इतकं लोह शोषल्याविना राहतं कसं? फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण 65 मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीर रोज गमावतं जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावरच.

हे दार मला फार आवडतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पेशी लोह आत घेतात, पण रक्तात सोडण्यासाठी त्यांच्याकडे एकच वाट असते, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. रक्तातलं लोह वाढलं की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक सोडतं. ते फेरोपोर्टिनला चिकटतं, वाट बंद होते, लोह पेशीतच अडकतं. या पेशी काही दिवसांत झडतात आणि लोह त्यांच्याबरोबर निघून जातं. गंमत अशी की गोळीच्या एका मात्रेनेही हेप्सिडिन चढतं आणि जवळपास दिवसभर चढलेलं राहतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी येते तेव्हा दार अजून पुरतं उघडलेलं नसतं! शोषलं न गेलेलं लोह पुढे सरकतं, आतड्याच्या अस्तराला डिवचतं, तिथल्या जिवाणूंचा समतोल बिघडवतं.

झुरिचच्या संशोधकांनी 2017 मध्ये लोहसाठा कमी असलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये मात्रेतलं सुमारे 16 टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये सुमारे 22 टक्के. म्हणून पोटाला त्रास होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात किंवा तीव्र रक्तक्षयात हिशोब वेगळा असतो, तिथे स्वतःच्या मनाने बदल नको. जेवणासोबत गोळी घेतल्याने मळमळ कमी होते, पण शोषणही घटतं. आणि हिमोग्लोबिन पातळीवर आल्यानंतरही साठा भरायला सहसा आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते.