पंचेचाळीस अंशांतला गेमिंग लॅपटॉप

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावी मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्याने नुकत्याच बाजारात आलेल्या एका गेमिंग लॅपटॉपची माहिती माझ्यापुढे ठेवली आणि तो घ्यावा की नाही, असे मला विचारले. किंमत सव्वा लाख रुपये होती. लांब धाग्याच्या कापसाला २०२४-२५ च्या हंगामात जाहीर झालेल्या ७५२१ रुपये हमीभावाने हिशेब केला, तर ती साडेसोळा क्विंटल कापसाची, म्हणजे कोरडवाहू तीन-चार एकरांच्या पिकाची किंमत होते. एवढी रक्कम गुंतणार असेल, तर हे यंत्र आपल्या हवेत, आपल्या विजेवर आणि आपल्या धुळीत कसे चालेल, याचा विचार भौतिकशास्त्राच्या आधारे करायलाच हवा.

लॅपटॉप जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेत बदलते. गेम चालू असताना प्रोसेसर आणि पडद्यावरची चित्रे तयार करणारी ग्राफिक्स चिप मिळून सहज १४० वॉट वीज खेचतात, आणि ही सगळी उष्णता नखाएवढ्या दोन चिपांतून निघून वहीएवढ्या जाडीच्या खोक्यातून बाहेर पडावी लागते. त्यासाठी चिपेवर तांब्याच्या चपट्या नळ्या बसवलेल्या असतात. या नळ्यांत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. चिपेकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन पंख्याच्या वाऱ्याने थंड होते, आणि तयार झालेले पाणी नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून झिरपत पुन्हा चिपेकडे येते. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता शोषून घेते, या एकाच तत्त्वावर आपला माठ, खिडकीतला कूलर आणि ही नळी चालते. फरक एवढाच, की माठातले पाणी हवेत निघून जाते आणि नळीतले पाणी आतल्या आत फिरत राहते.

नळी कितीही चांगली असली, तरी उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यायची असते, आणि आपल्याकडचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. उष्णता किती वेगाने वाहील, हे दोन टोकांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. चिपेला साधारण ९५ अंशांपर्यंत तापू दिले जाते असे धरू. वातानुकूलित खोलीत हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा पडतो. आपल्या टिनाच्या खोलीत भर दुपारी ४५ अंश असतील, तर तो ५० अंशांवर येतो. याचा अर्थ, जी रचना तिकडे १४० वॉट उष्णता बाहेर टाकते, तीच रचना इकडे सुमारे १०० वॉटच टाकू शकते. नव्या लॅपटॉपच्या चाचण्या बहुधा थंड खोलीत घेतल्या जातात, आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठीचे कमाल तापमान ३५ अंशांच्या आसपासच दिलेले असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे नवीन नाही, त्यामुळे त्या चाचण्यांतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मात्र एवढ्यावरून निराश होण्याचे कारण नाही, कारण याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. चिपेला लागणारी वीज तिच्या घड्याळगतीच्या, म्हणजे ती सेकंदाला किती ठोक्यांनी काम करते त्याच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती कमी केली की व्होल्टेजही कमी करता येते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे सुमारे ०.७३, अर्थात वीज आणि उष्णता २७ टक्क्यांनी घटते. प्रत्यक्षात व्होल्टेज दर वेळी इतके नेमके उतरत नाही, त्यामुळे गतीचा तोटा थोडा अधिक होतो. तरीही १४० वरून १०० वॉटवर आलेला लॅपटॉप सेकंदाला ६० चित्रांऐवजी ५२ ते ५४ चित्रे दाखवतो, आणि खेळणाऱ्याला हा फरक क्वचितच जाणवतो. उलट दिशेने पाहिले तर हेच गणित खिशाला बोचणारे ठरते. शेवटची १० टक्के गती मिळवण्यासाठी जो लॅपटॉप जाड नळ्या, जास्त पंखे आणि जास्त वॉटचा अॅडॉप्टर घेऊन येतो आणि त्यासाठी वीस-तीस हजार रुपये अधिक मागतो, तो मे महिन्यात ती शेवटची गती आपल्याला देऊच शकत नाही.

म्हणूनच नव्या मॉडेलच्या नावाकडे पाहण्याआधी त्याच्या ग्राफिक्स चिपेला किती वॉट दिले आहेत, हे पाहावे, असे मी भाच्याला सांगितले. एनव्हिडिया या कंपनीची आरटीएक्स ५०७० ही २०२५ मध्ये आलेली चिप याचे चांगले उदाहरण आहे. डेस्कटॉपसाठीच्या कार्डात ६१४४ कोअर (आकडेमोड करणारे छोटे घटक), १२ जीबी मेमरी आणि २५० वॉटची मर्यादा आहे, तर त्याच नावाच्या लॅपटॉप चिपेत ४६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी असून तिची वीज लॅपटॉप बनवणाऱ्याच्या निवडीनुसार ५० ते १०० वॉटच्या दरम्यान ठेवलेली असते. नाव एकच असले तरी वस्तू वेगळी आहे, आणि दोन लॅपटॉपांत नाव आणि कोअर दोन्ही सारखे असूनही एक ५० वॉटचा तर दुसरा १०० वॉटचा असू शकतो. वॉटचा आकडा दुकानातल्या पाटीवर सहसा नसतो, पण कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात बहुधा सापडतो.

भाच्याकडे चार वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप होता, आणि त्याच्या तक्रारीमुळेच नव्याचा विषय निघाला होता. "मामा, हा तं ट्रॅक्टरसारखा वाजून रायला, अन् गेम अडकून अडकून चालते," असे तो म्हणाला. आम्ही लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि खालचे झाकण उघडले. पंख्याची पाती काळवंडलेली होती, पण खरा दोष त्यांच्या पुढे होता. नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला उष्णता हवेत सोडणाऱ्या, एकमेकींपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर असलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी रुईचा एक दाट, करडा थर बसला होता. चिमट्याने धरून ओढल्यावर तो तुकडे न होता दिव्याच्या चपट्या वातीसारखा अखंड निघून आला. घराच्या ओसरीत दोन हंगाम कापूस साठवलेला होता आणि लॅपटॉप कायम गादीवर ठेवलेला असे, त्यामुळे खालच्या जाळीतून हवेबरोबर रुई ओढली जात होती. साफसफाईआधी गेम चालू करताच प्रोसेसर ९८ अंशांवर जाऊन गती एकदम खाली येत होती. साफ केल्यावर तोच गेम, त्याच खोलीत, ८६ अंशांवर स्थिर राहिला. उन्हाळ्यामुळे होणारी घट निसर्गनियमाची आहे आणि ती सोसण्याजोगी आहे. कोंदलेल्या पट्ट्यांमुळे होणारी घट मात्र वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत दर दोन महिन्यांनी झाकण उघडले तर टाळता येते. तेव्हा कापूसपट्ट्यात घेण्याच्या लॅपटॉपचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का आणि ते उघडल्याने वॉरंटी जाते का, हे खरेदीआधीच विचारून घ्यावे.

खोली थंड करण्याच्या बाबतीत आपला कूलर फार उपयोगी आहे. कोरड्या मे महिन्यात तो ४५ अंशांची हवा ३० अंशांच्या जवळ आणतो, आणि वरच्या हिशेबात हातातून गेलेल्या ४० वॉटपैकी तीसेक वॉट त्यामुळे परत मिळतात. मात्र लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण झोताबरोबर येणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांतले क्षार आत साचतात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचा हा उपयोग बराचसा संपतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

विजेबाबत लोकांची भीती बहुधा उलट्या बाजूची असते. व्होल्टेज १६० वर आले की पंखा मंद फिरतो आणि लॅपटॉप बिघडेल असे वाटते, पण अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते आणि या पट्ट्यात तो बिनतक्रार चालतो. खरा धोका न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटण्याचा आहे. डीपीवरून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, येणाऱ्या तीन फेजांपैकी प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजांमध्ये सुमारे ४०० असतात. वादळात न्यूट्रलची तार तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात कमी उपकरणे चालू असतील, तिथे व्होल्टेज ३०० च्याही पुढे चढते. साधा स्पाइक बोर्ड हे थोपवू शकत नाही. ठरावीक मर्यादेवर आपोआप वीज तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मुख्य बोर्डात बसवून घ्यावा, आणि अर्थिंगही एकदा तपासून घ्यावे. बॅटरीवर मदार ठेवण्यात अर्थ नाही, कारण ८० वॉट-तासांची बॅटरी १६० वॉटच्या भारावर अर्ध्या तासात संपेल, आणि ती तशी संपू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच गती उतरवतो. उन्हाळ्यात पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी लवकर जीर्ण होते, त्यामुळे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती सुरू करावी.

साफ केलेला जुना लॅपटॉप चांगला चालू लागला, तरी त्याच्या ४ जीबी ग्राफिक्स मेमरीत भाच्याला हवे असलेले दोन नवे गेम नीट बसत नाहीत, आणि हे झाकण उघडून सुधारण्यासारखे नाही. त्याने खरेदी दिवाळीपर्यंत पुढे ढकलली आहे. तोवर नव्या मॉडेलच्या सुरुवातीच्या त्रुटी सॉफ्टवेअर अपडेटने बऱ्याच निघतील, किंमतही काहीशी उतरेल, आणि आमच्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का, याचे उत्तर त्याला दुकानदाराकडून लेखी हवे आहे. सध्या त्याने जुन्या लॅपटॉपला गादीवरून उचलून, चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणे ठेवून, लाकडी पाटावर बसवले आहे.