सहस्रचंद्रदर्शन
वयाची ८० वर्षे पूर्ण करून एक्याऐंशीत असलेल्या व्यक्तीसाठी करावयाचा शांतिविधी. पन्नाशीची वैष्णवी, साठीची उग्ररथ (षष्ट्यब्दीपूर्ती), सत्तरीची भैमरथी, पंचाहत्तरीची ऐंद्री या प्रचलित मालिकेत तो पुढचा. मालिकेतील वयांबाबत मात्र एकवाक्यता नाही. भीमरथी ही सत्त्याहत्तराव्या वर्षातील सातव्या महिन्याची सातवी रात्र होय, असे सांगणारा श्लोक प्रसिद्ध आहे. पाच-पाच वर्षांची नेटकी वाटणी उत्तरकालीन पद्धतिकारांनी (विधींच्या पोथ्या रचणाऱ्यांनी) बसवली असावी.

बौधायनाच्या नावावरील गृह्यशेषसूत्रात, म्हणजे घरगुती विधींच्या सूत्रग्रंथाच्या पुरवणीत, शताभिषेक या नावाने हा विधी येतो. दक्षिण भारतात तेच नाव रूढ आहे. हे शेषसूत्र मूळ गृह्यसूत्राला मागाहून जोडले गेले असे सामान्यतः मानतात, त्यामुळे त्यावरून विधीचा काळ फार मागे नेता येत नाही.

आयुष्यात हजार पौर्णिमांचे चंद्र पाहून झाले, हा नावाचा अर्थ. हे हजार चंद्र नेमके केव्हा पुरे होतात, याबद्दल तीन मते आढळतात. वर्षाला बारा पौर्णिमा धरल्यास ८३ वर्षे ४ महिने लागतात. यात अधिकमास सुटतात, म्हणून हे मत टिकणारे नाही. परंपरेने ८० वर्षे ८ महिने सांगितले जातात. हा आकडा वेदांगज्योतिष या प्राचीन कालगणना-ग्रंथातील युगाशी तंतोतंत जुळतो. तेथे पाच वर्षांच्या युगात दोन अधिकमास धरून ६२ चांद्रमास होतात. अशा १६ युगांत, म्हणजे ८० वर्षांत, ९९२ मास भरतात आणि उरलेले आठ पुढील आठ महिन्यांत. परंतु पाच वर्षांत दोन अधिकमास हे मान किंचित जास्त आहे. प्रत्यक्षात १९ वर्षांत सातच येतात. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा धरला, तर हजार मासांना सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. सूर्यसिद्धान्तातील महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत ५,३४,३३,३३६ चांद्रमास, या मानानेही उत्तर तेच. पारंपरिक गणनेने विधी उरकल्यास दोनएक पौर्णिमा शिल्लक राहतात. व्यवहारात याची कोणी फिकीर करत नाही. एक्याऐंशीव्या वर्षातला सोयीचा मुहूर्त धरतात.

पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध ही अंगे इतर शांतींप्रमाणेच. विशेष म्हणजे चंद्रप्रतिमेचे पूजन, हवन व कलशोदकाने यजमान दांपत्यावर अभिषेक. काशाच्या वाटीतील पातळ तुपात स्वतःचे मुख पाहणे, म्हणजे आज्यावलोकन, हेही करतात; वाटी नंतर दान देतात. महाराष्ट्रात कणकेच्या ८१ दिव्यांनी औक्षण आणि गूळ, धान्य किंवा पुस्तकांची तुला यांची जोड मिळाली आहे. विधीपेक्षा लोकांच्या लक्षात हेच राहते. शास्त्रात वय पतीचे मोजले असले, तरी अलीकडे आई-आजीचे सहस्रचंद्रदर्शन त्यांच्याच वयावरून होते.

सार्वजनिक सत्काराशी सांगड साठीच्या बाबतीत अधिक ठळक दिसते. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्याच्या गायकवाडवाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली. ती त्यांनी राष्ट्रकार्यासाठी दिली. त्याच दिवशी भाषणांबद्दल जामीन मागणारी सरकारी नोटीसही त्यांच्यावर बजावली गेली.

तमिळनाडूत तिरुक्कडैयूर येथील अमृतघटेश्वर मंदिर षष्ट्यब्दी व शताभिषेक या दोन्ही विधींसाठी प्रसिद्ध असून यमापासून मार्कंडेयाची सुटका तेथेच झाली, अशी स्थलकथा आहे.