ग्रीन बॉण्ड आणि सस्टेनेबिलिटी-लिंक्ड बॉण्ड: अट पैशावर की कंपनीवर?

ही दोन नावं लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, कारण दोन्ही म्हणजे पर्यावरणासाठी घेतलेलं कर्ज एवढंच डोक्यात बसलेलं असतं. पण ग्रीन बॉण्डमध्ये अट पैशावर असते, सस्टेनेबिलिटी-लिंक्डमध्ये कंपनीवर, आणि सगळा घोळ इथेच होतो.

ग्रीन बॉण्ड तसा जुना. 2007 मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने सुरुवात केली, 2008 मध्ये वर्ल्ड बँक आली. जमलेले पैसे सोलर, पवनचक्क्या, मेट्रो असल्या आधीच सांगितलेल्या कामांना लावायचे आणि त्याचा हिशोब द्यायचा, बस. बाकीचा धंदा कसा चालतो ते कोणी विचारत नाही. 2017 मध्ये रेप्सोल या तेल कंपनीने 50 कोटी युरोचा ग्रीन बॉण्ड काढला, पैसे कशाला तर रिफायनऱ्यांची ऊर्जा वाचवायला! नियमात बसत होतं, तरी काही ग्रीन इंडेक्सनी, म्हणजे असे बॉण्ड निवडून केलेल्या याद्यांनी, तो घेतलाच नाही. आणि पैसे भलतीकडे वळले तर अब्रू जाते, पण बहुतेक बॉण्डमध्ये तेवढ्यावरून डिफॉल्ट, म्हणजे कर्ज बुडवलं असं, धरत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात पैसे कुठेही वापरा, अगदी पगार करा, फक्त ठरलेलं टार्गेट गाठा, नाही गाठलं तर व्याज वाढणार. सप्टेंबर 2019 मध्ये इटलीच्या एनेल या वीज कंपनीने 1.5 अब्ज डॉलरचा असा बॉण्ड काढला, 2021 संपेपर्यंत वीजनिर्मिती क्षमतेतला किमान 55 टक्के वाटा रिन्यूएबल हवा, नाहीतर व्याज पाव टक्क्याने जास्त. ते टार्गेट त्यांनी गाठलं. पण पुढच्या काही बॉण्डमध्ये 2023 साठी एका युनिट विजेमागे 148 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं टार्गेट होतं, आकडा आला 160, आणि व्याज खरंच वाढलं.

आता पाव टक्का म्हणजे किती ते बघा, 1.5 अब्जावर वर्षाला 37.5 लाख डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला हे काहीच नाही. शिवाय प्रदूषण कमी झालं नाही तर गुंतवणूकदाराला उलट जास्त पैसे मिळतात, हे मला तरी विचित्र वाटतं. उरुग्वेने 2022 च्या आपल्या बॉण्डमध्ये दोन्ही बाजू ठेवल्या, टार्गेट चुकलं तर व्याज वाढणार आणि टार्गेटच्या बरंच पुढे गेले तर कमी होणार, हे जरा पटतं.

नवीन तंत्रज्ञानाचं म्हणाल तर ग्रीन बॉण्डचा पैसा बहुतेक वेळा आधीच चालून दाखवलेल्या गोष्टींकडे जातो, कारण बॉण्डवाल्याला ठरलेलं व्याज हवं असतं, प्रयोगशाळेतला जुगार नको. लिंक्डचा पैसा मोकळा असल्याने संशोधनात घालता येतो, पण घालतीलच असं काही नाही.

म्हणून ग्रीन बॉण्डच्या कागदपत्रांत कामांची यादी वाचा, त्यात जुन्याच प्रोजेक्टचं कर्ज फेडणार असं लिहिलंय का ते बघा. लिंक्डमध्ये टार्गेटची तारीख बघा, ती मुदत संपायच्या जेमतेम वर्षभर आधी असेल तर वाढीव व्याज भरावं लागतं तेही एखाद-दुसऱ्या हप्त्यालाच.