‘लॉयल्टी’ या शब्दामागचा कायदा

2022 च्या जूनमधील शिवसेनेच्या फुटीनंतर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ‘निष्ठावंत’ हा शब्द बॅनरवर, सभांतून आणि चहाच्या टपऱ्यांवर सढळपणे वापरला गेला. त्या गदारोळात राज्यभर पदाधिकाऱ्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रे मुद्रांकावर लिहून घेण्यात आली, याचे मात्र कोणाला फारसे नवल वाटले नाही. खरे तर मराठी समजुतीप्रमाणे निष्ठा ही लिहून देण्याची गोष्ट नव्हे. गावच्या देवासमोर नारळ ठेवून दिलेला शब्द आपल्याकडे अजूनही मुद्रांकापेक्षा जड मानला जातो. इंग्रजी ‘लॉयल्टी’च्या दृष्टीने पाहिले तर त्या प्रतिज्ञापत्रांत वावगे काहीच नव्हते, कारण तो शब्द कायद्याच्याच घरात जन्मलेला आहे.

लॅटिनमधील ‘लेक्स’ म्हणजे कायदा आणि ‘लेगालिस’ म्हणजे कायद्याचा, कायद्याला धरून असलेला. याच ‘लेगालिस’चे जुन्या फ्रेंचमध्ये रूप झिजले आणि त्यातून इंग्रजीत ‘लॉयल’ व ‘लॉयल्टी’ आले. ‘लीगल’ हा त्यांचा सख्खा भाऊ. सरंजामी व्यवस्थेत शपथेने अंगावर घेतलेले बंधन पाळणारा माणूस ‘लॉयल’ ठरे, मग त्याच्या मनात धन्याविषयी प्रेम असो वा नसो. ‘फिडेलिटी’ आणि ‘फील्टी’ विश्वासावरून आले, तर ‘ॲलिजन्स’ हा अधिपतीशी जोडलेल्या ‘लीज’ या विशेषणावरून. पोर्तुगीज भाषेतील ‘लेआल’ हाही त्याच कुळातला, त्यामुळे 1534 ते 1739 या काळात वसईच्या किनाऱ्यावर या शब्दाचे एक भावंड इंग्रजांच्या आधीच वावरत होते.

मराठीत त्याला तोलाचा एकच शब्द सापडत नाही. ‘निष्ठा’ संस्कृतातली, तिच्या मुळाशी स्थिर राहणे आहे आणि तिला भक्तीचा वास आहे; ‘इमान’ आणि ‘वफादारी’ अरबीतून फारसीमार्गे आल्या; ‘मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार तर थेट खाल्ल्या अन्नाचा हिशेब मांडतो. (मिठागरांच्या या किनाऱ्यावर 1930 साली शिरोड्याला मिठाचा कायदा मोडला गेला, तेव्हा कोणी कोणाचे मीठ खाल्ले होते हा प्रश्न वाक्प्रचारापुरता उरला नाही.) इंग्रजी राजवटीत ‘राजनिष्ठा’ हा जोडशब्द रूढ झाला आणि कायद्याने बांधलेल्या एका शब्दाच्या जागी मनाचा शब्द बसला.

या गुंत्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग 1897 चा आहे. भारतीय दंड संहितेत 1870 साली घातलेल्या 124 अ या कलमात सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणे हा गुन्हा ठरवला होता. त्याचे मराठी ‘अप्रीती’ असे केले जाते. रत्नागिरीत जन्मलेल्या आणि पुण्यातून वृत्तपत्र चालवणाऱ्या संपादकावर, म्हणजे लोकमान्य टिळकांवर, मुंबई उच्च न्यायालयात या कलमाखाली खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावताना अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव असा अर्थ सांगितला, त्यात द्वेष, वैर, नावड, तिरस्कार आणि सर्व प्रकारचा दुर्भाव गोवला, आणि या सगळ्याला मिळून ‘डिसलॉयल्टी’ हा बहुधा सर्वांत योग्य शब्द होईल, असेही सुचवले. मुळात कर्तव्य पाळण्यापुरता असलेला शब्द येथे अंतःकरणाची झडती घेणारा झाला. करभार मुकाट्याने देणारा, दंगा न करणारा, पण सरकारवर प्रेम नसलेला माणूसही या व्याख्येने गुन्ह्याच्या उंबरठ्यावर येतो, ही हरकत तेव्हाच घेतली गेली आणि ती योग्यच होती. सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी आणि तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष असा कौल दिला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. मराठी लेखांचा अर्थ इंग्रजी भाषांतरावरून लावला गेला, हेही येथे विसरू नये.

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन अप्रीतीत ‘डिसलॉयल्टी’ आणि वैराच्या सर्व भावनांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण कलमातच घालण्यात आले. 1908 च्या खटल्यात त्याच संपादकाला सात विरुद्ध दोन अशा कौलाने सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती मंडालेत भोगावी लागली. त्या वेळी मंडालेचा पदच्युत राजा रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यावर राजनिष्ठा मोडल्याचा आरोप ठेवायची सोयच नव्हती, तो स्वतःच राजा होता.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील शपथेत इंग्रजी ‘ॲलिजन्स’साठी ‘निष्ठा’ हाच शब्द आला, पण ती निष्ठा व्यक्तीऐवजी कायद्याने स्थापित झालेल्या संविधानाला वाहिलेली आहे. 124 अ मात्र तसेच राहिले. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती असल्यासच ते लागू होईल, अशी मर्यादा घातली आणि सरकारवरील कडक टीका त्यातून वगळली. 1897 चा अर्थ तेथे उलटला, त्याला पासष्ट वर्षे लागली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर थांबवण्यास सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 124 अ नाही. तिच्या 152 व्या कलमात फुटीरतेच्या कारवायांचा आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणण्याचा उल्लेख आहे, सरकारविषयीच्या अप्रीतीचा नाही.