ऑनलाइन व्हाइटबोर्ड : बेळगाव सीमाभागातील वापर

इंटरनेटवरून अनेकांना एकाच वेळी उघडता, लिहिता आणि खोडता येणारा सामायिक फलक म्हणजे ऑनलाइन व्हाइटबोर्ड. त्यावर रंगीत चिठ्ठ्या लावता येतात, चौकटी आणि बाण काढता येतात, फोटो डकवता येतात. कोण कुठे काम करतो आहे, हे त्याच्या नावाच्या फिरत्या कर्सरवरून बाकीच्यांना दिसत राहते. भिंतीवरच्या फळ्याला कडा असते, याला ती नसते. जागा संपली की बाजूला सरकायचे. वापरणारे याला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात आणि चिठ्ठीला ‘स्टिकी’. मिरो, म्युरल, फिगजॅम, मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड आणि एक्सकॅलिड्रॉ ही त्यांपैकी परिचित नावे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील सीमावर्ती पट्ट्यात या साधनाला वेगळे महत्त्व आहे. इथली तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळूरला. गिऱ्हाईक कोल्हापूरचे किंवा पिंपरी-चिंचवडचे. कारखान्यातला एक कामगार घरी मराठी बोलतो, शेजारचा कन्नड, तिसरा बिहारहून आलेला. अशा चमूची बैठक नुसत्या फोनवर घेतली तर अर्धा वेळ ‘काय म्हणालास?’ यातच जातो. फोटोवर काढलेला बाण मात्र तिघांनाही एकदम कळतो.

पूर्वपीठिका

लांबवर बसलेल्या दोघांनी एकच पडदा पाहत काम करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवले. १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘कोलॅब’ नावाची बैठकीची खोली तयार झाली. तिथे प्रत्येकापुढे संगणक आणि समोर सर्वांचा मिळून एक मोठा पडदा होता. चिठ्ठ्यांची रीत मात्र संगणकातून आलेली नाही. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता क्षेत्रकार्यातील नोंदी सुट्या कागदांवर लिहीत, एकमेकींच्या जवळच्या नोंदी एकत्र आणत आणि गट जमल्यावर मग त्याला नाव देत. त्यांच्या आद्याक्षरांवरून ही रीत केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. आजच्या बोर्डावर ‘आधी चिठ्ठ्या, मग गट, शेवटी मथळा’ हा जो क्रम पाळतात, तो तिथला. मागून चिकटणारा कागद थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणला आणि या पद्धतीला भिंत मिळाली.

मिरो आणि म्युरल या दोन्ही कंपन्या २०११ च्या. पहिलीची सुरुवात रशियातील पेर्म शहरात ‘रिअलटाइमबोर्ड’ या नावाने झाली, मिरो हे नाव २०१९ मध्ये आले, दुसरी अर्जेंटिनातली. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी वाट देणारे वेबसॉकेट मानकही २०११ च्याच डिसेंबरात प्रसिद्ध झाले. एक्सकॅलिड्रॉ हे मुक्तस्रोत साधन जानेवारी २०२० मधले, फिगजॅम एप्रिल २०२१ मधले.

सीमाभागात या साधनांची गरज खरी भासली ती कोरोनाच्या काळात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवालाशिवाय कर्नाटकात प्रवेश नव्हता आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी होती. एरवी सकाळी एसटीने कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी परतणारा माणूस त्या काळात पडद्यासमोर बसला.

कार्यपद्धती

बोर्डावरची प्रत्येक वस्तू, मग ती चिठ्ठी असो की रेघ, स्वतःच्या ओळखक्रमांकासह साठवली जाते. कुणी ती हलवली की अख्खा बोर्ड पुन्हा पाठवला जात नाही. ‘अमुक वस्तू तमुक जागी’ एवढाच छोटा निरोप बाकीच्यांकडे जातो. दोघांनी एकाच क्षणी एकच चिठ्ठी ओढली तर काय, हा यातला जुना प्रश्न. त्यावरचे एक उत्तर, दोन्ही बदल एकमेकांशी जुळवून घेण्याचे, १९८९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एलिस आणि गिब्स यांनी मांडले. काही साधने सरळ शेवटी पोहोचलेला बदल ग्राह्य धरतात. चिठ्ठीची जागा बदलताना हे चालून जाते, पण एकाच चिठ्ठीत दोघे एकदम लिहू लागले तर एकाचे शब्द उडू शकतात. म्हणून जाणते लोक दुसऱ्याच्या चिठ्ठीत लिहीत नाहीत, शेजारी आपली वेगळी लावतात.

कारखान्यातील उपयोग

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्र्यांत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत, ओतकामातील दोष शोधण्यासाठी बोर्डाचा उपयोग चांगला होतो, आणि या साधनाचा कस लागतो तोही इथेच. एखाद्या पंपाच्या कास्टिंगला यंत्रण करताना ब्लोहोल, म्हणजे आतली पोकळ छिद्रे, उघडी पडतात. माल कोल्हापूरला पोहोचलेला असतो, छिद्र तिथल्या मशीनवर दिसते आणि चूक झालेली असते बेळगावच्या साच्यात. पूर्वी अशा वेळी माल परत यायचा, त्याच्यासोबत एक तिखट पत्र यायचे आणि दोष कुणाचा यावर दोन दिवस फोन चालायचे.

बोर्डावर हीच गोष्ट अशी मांडतात. मधोमध छिद्राचा फोटो. त्याच्याकडे जाणारी आडवी रेघ आणि तिला वरून-खालून फुटलेले फाटे : वाळू, कोअर (साच्यातला आतला गाभा), धातू, ओतण्याची रीत, माणूस. जपानचे गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही आकृती माशाच्या काट्यासारखी दिसते. मग ज्याला जे ठाऊक, त्याने ते आपल्या फाट्यावर लावायचे. रात्रपाळीचा मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, मोबाइलवरून लिहितो, ‘अण्णा, परवा रात्री वाळू ओली होती, मुठीत दाबली तर हाताला पाणी लागायलं.’ खाली सुपरवायझरची चिठ्ठी : ‘पावसाचं पाणी ढिगात शिरलं का बघा. मलरला पाणी रोजच्याएवढंच टाकलं काय?’ मलर म्हणजे वाळू मळण्याचे यंत्र. कोल्हापूरचा तपासनीस फोटोवर गोल काढून दाखवतो की छिद्रे सगळी वरच्या बाजूलाच आहेत. बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळलेल्या ओल्या वाळूत पाणी साधारण ३ ते ४ टक्के असावे लागते. ते वाढले की तापलेल्या धातूच्या स्पर्शाने वाफ होते, साच्यातून बाहेर पडायला तिला वाट मिळाली नाही तर ती धातूत अडकते आणि पोकळी राहते. फोटोतली छिद्रांची जागा, पाळीची वेळ आणि पावसाची नोंद शेजारी-शेजारी आली की ‘माणूस’ या फाट्याकडे बोट दाखवण्याची घाई आपोआप कमी होते.

या पद्धतीचा खरा फायदा इथेच आहे, असे म्हणावे लागेल. बैठकीत साहेबांसमोर तोंड न उघडणारा कामगार चिठ्ठी लावतो. काही साधनांत चिठ्ठी कुणाची हे लपवण्याचीही सोय असते, पण दहा-बारा जणांच्या खात्यात भाषेवरूनच माणूस ओळखू येतो, तेव्हा त्या सोयीवर फार विसंबू नये.

सगळे काम बोर्डावर आणता येत नाही. बेळगाव जिल्ह्यातील हत्तरगी परिसरात विमानांचे सुटे भाग बनतात. अशा कामात ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो आणि रेखाचित्र बाहेरच्या सर्व्हरवर चढवणे म्हणजे करार मोडणे. ‘फोटोच तर आहे’ ही सबब तिथे चालत नाही. लहान कारखान्यांत याउलट दिसते : बोर्डाची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असते आणि ग्रुपात गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेलाही असतो.

संमेलने आणि मंडळे

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून होणारी मराठी साहित्य संमेलने ही सीमाभागाची ओळख आहे. एका दिवसाचा हा सोहळा : सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन आणि मध्ये गावजेवण. कार्यकारिणीतले निम्मे लोक गावात असतात, उरलेले पुण्यात किंवा बंगळुरात. नियोजनासाठी बोर्डावर तीन उभे रकाने आखतात, ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबान पद्धतीचे हे सोपे रूप. पाहुण्यांचा होकार, मंडप, ध्वनिक्षेपकाची परवानगी, पत्रिकेचा मजकूर, बेळगाव स्थानकावरून पाहुण्यांना आणायला कुणाची गाडी, अशी प्रत्येक गोष्ट एका चिठ्ठीवर आणि चिठ्ठीवर एकच नाव. दोन नावे लिहिली की काम कुणाचेच राहत नाही. ज्येष्ठ मंडळी बोर्ड उघडत नाहीत हे गृहीत धरून एखादा तरुण कार्यकर्ता रोज रात्री त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. काकांचा होकार फोनवरूनच येतो आणि चिठ्ठी तोच तिसऱ्या रकान्यात सरकवतो. हे साधनाच्या हेतूला धरून नाही, पण काम होते.

भाषेबद्दल एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानुसार दुकाने आणि आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के भाग कन्नड असणे बंधनकारक आहे. पडद्यावरच्या या फलकाला तसले काही लागू नाही. बेळगावातील शहापूर-वडगावच्या तरुणांच्या बोर्डावर कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी चिठ्ठ्या शेजारी-शेजारी नांदतात आणि रंग कामाच्या प्रकारावरून ठरतो, भाषेवरून नाही. प्रत्येक भाषेला वेगळा रंग देणे दिसायला सोयीचे असले तरी ते टाळावे. बोर्डावर लगेच दोन तट दिसू लागतात आणि इथे तसे दिसायला फार वेळ लागत नाही.

लिपीचे प्रश्न

देवनागरीच्या अडचणी किरकोळ वाटतात, पण रोज नडतात. हस्ताक्षरासारखे दिसणारे जे फॉन्ट काही साधनांत ठेवलेले असतात, त्यांत देवनागरी अक्षरे नसतात. मराठी टाइप केले की यंत्र स्वतःचा दुसरा फॉन्ट लावते आणि एकाच बोर्डावर इंग्रजी वळणदार, मराठी ठोकळेबाज अशी विजोड जोडी दिसते. पीडीएफ काढताना जोडाक्षरे सुटी पडण्याचा आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाण्याचा प्रकारही घडतो. छापण्याआधी पीडीएफ एकदा डोळ्यांखालून घालावी, नाहीतर सरळ चित्रफाइल काढावी.

शोधण्याची अडचण जास्त फसवी आहे. ‘पाहुण्यांच्या’ असा शोध नीट लागतो, पण ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ हे शब्द कधी सापडतात, कधी नाही. कारण या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने फोनवर टाइप केलेले दुसऱ्याला लॅपटॉपवर न सापडण्याचे हे एक कारण. शिवाय बोर्डावरचा युनिकोड मजकूर छापखान्यात गेला की तिथे अनेकदा श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरात असतात. मजकूर रूपांतरित करावा लागतो आणि पत्रिकेतल्या चुका बहुधा याच टप्प्यावर शिरतात.

महाविद्यालयांत या अडचणी कमी, कारण बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) अभियांत्रिकी शिक्षण इंग्रजीत चालते. विद्यार्थी प्रकल्पाच्या आकृत्या बोर्डावर काढतात. एक्सकॅलिड्रॉला खाते उघडावे लागत नसल्याने ते त्यांच्यात चालते.

मर्यादा आणि जतन

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या घाटमाथ्यावर, पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. फोटोंनी भरलेला बोर्ड तिथे उघडता उघडत नाही. फोनने काढलेला फोटो लहान करून मगच लावणे आणि एका बोर्डावर एकच विषय ठेवणे, हे दोन उपाय त्यावर लागू पडतात. मिरोच्या मोफत खात्यात एका वेळी तीनच बोर्ड संपादता येतात. त्यामुळे मंडळे एकाच बोर्डावर तीन-तीन वर्षांचे कार्यक्रम कोंबतात आणि तो जड होत जातो. एक्सकॅलिड्रॉमध्ये खाते नसल्याचा तोटा असा की चित्र ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि कुणी ब्राउझर साफ केला की जाते. त्याच्या थेट सहभागाच्या लिंकमध्ये बोर्डाचा मजकूर उलगडणारी सांकेतिक किल्ली शेवटच्या भागात असते. लिंक अर्धवट कॉपी झाली तर बोर्ड उघडत नाही आणि समोरच्याला वाटते, नेटच नाही.

साधन कायम राहील असेही नाही. गूगलचे जॅमबोर्ड शाळा-महाविद्यालयांत चांगले रुळलेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर लिहिणे थांबले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी ते पूर्ण बंद झाले. ज्यांनी त्याआधी आपले फलक दुसऱ्या साधनात हलवले नाहीत, त्यांना त्यांवर पुढे काम करता आले नाही. गावच्या मंडळांत याहून साधा धोका असतो. बोर्ड चिटणीसाच्या वैयक्तिक मेलवर काढलेला असतो आणि कार्यकारिणी बदलली की नव्या चिटणीसाला जुन्याच्या दारात जावे लागते. मंडळाच्या नावाने वेगळा मेल काढून त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांकडे ठेवला, तर पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या पत्त्यांची यादी पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागत नाही.