मुरलेले पाणी आणि साचलेले पाणी : टमी टकनंतरची सूज आणि सेरोमा

पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढून पोटाची भिंत घट्ट करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टी किंवा सर्वांच्या तोंडी असलेली टमी टक, झाल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओटीपोट पुन्हा पुढे आल्यासारखे वाटू लागले, की त्या व्यक्तीला चहूबाजूंनी एकच उत्तर मिळते : ‘सूज आहे, उतरेल.’ हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते आणि म्हणूनच ते तपासून न पाहता दिले जाते. ज्या थोड्यांच्या बाबतीत ते चुकीचे ठरते, त्यांच्या त्वचेखाली नुसती सूज नसून सेरोमा, म्हणजे एका जागी जमलेल्या द्रवाची पोकळी, झालेला असतो; तो उतरण्याची वाट पाहण्यात आठवड्यामागून आठवडे जातात, आणि जे काम सुरुवातीला एका सुईने झाले असते, त्यासाठी पुढे पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याची पाळी येऊ शकते. सेरोमा ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत जास्त आढळणारी स्थानिक गुंतागुंत आहे. तरीही तिचे नाव अनेकांना ती झाल्यावरच प्रथम ऐकायला मिळते, हे मला अक्षम्य वाटते.

गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या बोलण्यात आहे. अंगावर सूज आली की आपण ‘पाणी धरले’ म्हणतो, सेरोमा झाला की ‘पाणी झाले’ म्हणतो, आणि यकृताच्या आजारात पोटाच्या पोकळीत द्रव जमतो तेव्हाही ‘पोटात पाणी झाले’ असेच म्हणतो. यातल्या तिसऱ्याचा येथे काहीही संबंध नाही, कारण टमी टकमध्ये आतड्यांची पोकळी उघडलीच जात नाही; सारे काम पोटाच्या भिंतीवर आणि तिच्या बाहेर चालते. उरलेल्या दोहोंसाठी मात्र मराठीत दोन नेमकी क्रियापदे आहेत आणि ती वापरली, तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. सूज म्हणजे मुरलेले पाणी. सेरोमा म्हणजे साचलेले पाणी.

सुजेबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण मुरगळलेल्या घोट्यापासून दाढ काढल्यावर फुगलेल्या गालापर्यंत ती प्रत्येकाने अनुभवलेली असते. इजा झालेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, पेशींच्या मधल्या जागेत मुरतो आणि लसिकावाहिन्या, म्हणजे असा द्रव गोळा करून रक्ताकडे नेणाऱ्या बारीक नळ्या, तो हळूहळू परत नेतात. टमी टकच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवायचे, की कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा छेद जांघेकडे उतरणाऱ्या लसिकावाहिन्यांना आडवा कापतो. बेंबीच्या खालच्या भागातील लसिका एरवी जांघेतील गाठींकडे जाते. ती वाट तुटल्यामुळे द्रव व्रणाच्या वरच्या अंगाला अडतो आणि नव्या वाटा तयार होईपर्यंत तिथली सूज रेंगाळते. ती सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते, दिवसभर उभे राहिल्यावर वाढते. ठळक सूज पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतरते, उरलेली जायला सहा महिने आणि काही वेळा वर्षही लागते. तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभे राहून शस्त्रक्रियेचा निकाल ठरवू नये, एवढे सांगून सुजेचा विषय मी येथेच सोडतो.

सेरोमा समजून घ्यायचा, तर शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते पाहावे लागते. सर्जन ओटीपोटाच्या तळाशी छेद घेऊन त्वचा आणि चरबी यांचा एकत्र पदर, ज्याला फ्लॅप म्हणतात, स्नायूंवरच्या पांढऱ्या, चिवट आवरणापासून सोडवत बरगड्यांच्या दिशेने वर नेतो. गरोदरपणामुळे किंवा वजनामुळे दूर गेलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून मध्यरेषेत जवळ आणले जातात, पदर खाली ओढून जास्तीचा भाग कापला जातो, बेंबीसाठी नवी जागा केली जाते आणि छेद शिवला जातो. बाहेरून पाहता सर्व बंद झालेले असते. आतमध्ये मात्र पदराची खालची बाजू आणि स्नायूंचे आवरण हे दोन मोठे, ताजे, ओले पृष्ठभाग एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. ते अजून चिकटलेले नसतात. शरीर त्यांच्यामध्ये आधी फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिकट प्रथिनाचा, पातळ थर पसरवते आणि पुढे त्या थरातून तंतू व केशवाहिन्या वाढून दोन्ही पृष्ठभाग एकजीव होतात. हे होण्यापूर्वी माणूस खोकतो, कूस बदलतो, वाकून उठतो, आणि दर वेळी पदर आवरणावर किंचित सरकतो. सरकणाऱ्या पृष्ठभागांमध्ये चिकटणे लांबते, फट उरते, तुटलेल्या लसिकावाहिन्यांतून आणि दाहामुळे पाझरणारा द्रव त्या फटीत उतरतो, आणि द्रव भरला की दोन्ही पृष्ठभाग आणखी दूर जातात. हा द्रव सुरुवातीला रक्तमिश्रित असतो आणि पुढे फिकट पिवळा, लसिकेसारखा होत जातो.

मला ठामपणे मांडायचा आहे तो फरक हाच आहे. हे वाचून कोणी एवढीच गोष्ट लक्षात ठेवली तरी मला पुरे आहे. सूज किती आहे, केव्हा आली, दुखते की नाही, हे प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न द्रव कोठे आहे हा आहे. सुजेतला द्रव ऊतींच्या कणाकणांत वाटलेला असतो, त्यामुळे तो सुईने ओढून काढता येत नाही, आणि लसिकावाहिन्यांना अवसर मिळाला की त्या तो नेतात. सेरोमातला द्रव एका मोकळ्या जागेत, एकत्र असतो. लहान सेरोमा शरीर शोषून घेते, पण मोठ्याच्या बाबतीत ज्या भिंतींनी तो शोषायचा त्याच भिंती त्याने एकमेकींपासून वेगळ्या धरलेल्या असतात. म्हणून सुजेवर वाट पाहणे हा उपचार आहे, आणि मोठ्या सेरोमावर वाट पाहणे हे केवळ दुर्लक्ष आहे.

जागेतला हा फरक हाताला कळतो, डोळ्यांना सहसा कळत नाही. त्यामुळे पोटाचा फोटो दाखवून ‘ही सूज आहे का?’ असे विचारणाऱ्यांना आणि त्याहून अधिक त्या फोटोवरून खात्रीने उत्तर देणाऱ्यांना मी कळकळीने थांबवू इच्छितो. सुजलेल्या जागी बोट काही क्षण हलके दाबून धरले तर खळगा उमटतो आणि सावकाश भरतो, कारण मुरलेला द्रव बाजूला सरकायला आणि परतायला वेळ घेतो. सेरोमावर दाबले तर असा खळगा राहत नाही. द्रव तत्काळ दुसरीकडे सरकतो आणि बोट उचलताच परत येतो. एका बाजूला तळहात ठेवून दुसऱ्या बाजूला हलकी टिचकी मारली, तर पहिल्या तळहाताला लाट येऊन थडकल्यासारखी जाणवते. कूस बदलताना आत काहीतरी डुचमळते, असे रुग्ण स्वतःहून सांगतात, आणि हे वर्णन कोणी केले तर ते वहीत नोंदवून सोडून देण्यासारखे नसते. उभे असताना फुगवटा खाली, व्रणाच्या लगेच वर, लोंबल्यासारखा जमतो, आणि आडवे झाल्यावर पसरून जवळपास दिसेनासा होतो.

काळाचा नमुनाही वेगळा असतो. सूज पहिल्या दिवसापासून असते, पहिल्या आठवड्यात वाढते आणि मग, रोजचे चढउतार धरूनही, आठवड्यागणिक कमी होत जाते. सेरोमा बहुधा ड्रेन, म्हणजे द्रव बाहेर नेण्यासाठी आत ठेवलेली नळी, काढल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो : पोट चांगले बसत चालले होते आणि अचानक एका ठिकाणी भरल्यासारखे झाले, पोटाला बांधलेला पट्टा घट्ट होऊ लागला. ‘उतरत होते, ते पुन्हा चढले’ हे वाक्य ऐकू आले की माझे लक्ष लगेच तिकडे जाते. दुखण्यावर मात्र कोणीही विसंबू नये. पदरातील संवेदनेच्या नसा शस्त्रक्रियेत तुटलेल्या असल्यामुळे बेंबीच्या खालचा भाग अनेक महिने बधिर असतो, आणि बराच मोठा सेरोमाही जडपणाखेरीज काही जाणवू न देता बसून राहतो.

दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि खरी फसगत तिथेच होते, कारण वर सुजलेली चरबी असली की खालची लाट हाताला लागत नाही. अशा वेळी सोनोग्राफी हेच प्रामाणिक उत्तर आहे. काही मिनिटांत, वेदनेविना, दोन थरांमधली काळी पोकळी पडद्यावर दिसते किंवा दिसत नाही. अनुभवी हातांनाही शंका असेल तर ही तपासणी मागण्यात रुग्णाने संकोच करू नये.

उपचारांची अदलाबदल ही या गोंधळाची सर्वांत वाईट परिणती आहे. लसिका वाहून जाण्यासाठीचा हलका मसाज सुजेला आराम देतो; साचलेल्या पोकळीला तो रिकामे करू शकत नाही, आणि जोरकस हाताने केला तर जे दोन थर चिकटायला हवेत त्यांनाच तो एकमेकांवर सरकवतो. मीठ कमी करणे, पाय उंच ठेवणे, याने सेरोमाला काही फरक पडत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे दोहोंतही गैर आहे. शेक घेण्याची सवय तर मी ताबडतोब सोडायला सांगेन : बधिर त्वचेला चटका बसत असल्याचे कळत नाही, पदराचा रक्तपुरवठा आधीच तोकडा झालेला असतो, आणि गरम पाण्याच्या पिशवीने तिथे खोल भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखनात नोंदलेली आहेत. पट्ट्याबद्दल एवढेच, की त्याचा दाब सर्वत्र सारखा असावा. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगले’ ही समजूत खोटी आहे. आवळलेला, चुण्या पडलेला पट्टा त्वचेला इजा करतो आणि आधीच भरलेली पोकळी बंदही करत नाही.

ड्रेनबद्दल लोकांच्या मनात जी अढी आहे तिचे मला वाईट वाटते. नळी आणि डबी अंगाला लावून फिरणे त्रासाचे आहे, हे मान्य. पण ती साचणारा द्रव बाहेर नेते आणि दोन्ही थरांना टेकून राहायला वेळ देते. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव येऊ लागला की ती काढण्याचा प्रघात आहे, त्यामुळे मोजमाप रोज एकाच वेळी आणि खरे लिहावे. लवकर सुटका व्हावी म्हणून आकडा कमी सांगणारे रुग्ण स्वतःचेच नुकसान करून घेतात. फटच उरू नये म्हणून पदर आतून आवरणाला ठिकठिकाणी टाक्यांनी जोडण्याची पद्धतही आहे : ब्राझीलचे रिकार्डो बारूदी यांनी १९९८ मध्ये आणि अमेरिकेतील हार्लन व टॉड पोलॉक यांनी २००० मध्ये अशा टाक्यांविषयी लिहिले, आणि आज अनेक सर्जन त्यांच्या आधारे ड्रेन लावतच नाहीत. स्कार्पाचे आवरण नावाचा चरबीतील खोल पडदा न सोलता जागेवर राखला तर त्याखालच्या लसिकावाहिन्या वाचतात आणि पाझर कमी होतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत सर्जनला टाक्यांची लांबी विचारण्याऐवजी, पदर आतून टाक्यांनी जोडणार का आणि स्कार्पाचे आवरण राखणार का, हे दोन प्रश्न विचारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी तर ते विचारलेच पाहिजेत, कारण त्यांच्यात सेरोमाचा धोका अधिक असतो.

पोटावरचा प्रत्येक फुगवटा या दोहोंपैकीच असतो असे नाही, पण बाकीचे ओळखायला फारसे कठीण नाहीत. पहिल्या एक-दोन दिवसांत एक बाजू झपाट्याने ताठ, दुखरी आणि काळीनिळी झाली तर ते आत जमणारे रक्त असते आणि त्याच तासाला सर्जनला कळवावे लागते. लाली, गरमपणा, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव म्हणजे जंतुसंसर्ग. एकाच पोटरीत दुखणे आणि सूज, किंवा अचानक दम लागणे, यांचा पोटाच्या आकाराशी संबंध नाही. तो रक्ताच्या गुठळीचा इशारा असू शकतो आणि तेव्हा थेट आपत्कालीन विभागात जावे.

सेरोमा निश्चित झाला तर उपचार बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा सोपा असतो. निर्जंतुक सुई आणि सिरिंजने द्रव ओढून घेतला जातो. त्वचा बधिर असल्यामुळे सुई टोचल्याचे अनेकांना जाणवतही नाही. पोकळी पुन्हा भरते, म्हणून हे दर काही दिवसांनी करावे लागते आणि दर वेळी निघणारे प्रमाण घटत गेले तर मार्ग बरोबर आहे असे समजावे. दुसऱ्यांदा भरले म्हणजे पहिला प्रयत्न फसला, असा निष्कर्ष काढून भेटी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सर्वांत जास्त हळहळ मला त्यांच्याबद्दल वाटते. कारण द्रव महिनोन्‌महिने तसाच राहिला तर शरीर त्याच्याभोवती गुळगुळीत, तंतुमय अस्तर तयार करते. अशी पिशवी झाली की आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकत नाहीत आणि सुईने कितीही वेळा रिकामी केली तरी ती पुन्हा भरत राहते. मग डॉक्सिसायक्लिनसारखे औषध आत सोडून भिंती खरबरीत करण्याचा प्रयत्न होतो, आणि तोही अपुरा पडला तर जुना व्रण उघडून ते अस्तर कापून काढावे लागते.